ढाळजेतील साठवण

ढाळजेतील साठवण म्हणजे मराठवाड्यातील घराच्या प्रवेशभागात, म्हणजेच ढाळजेत, शेतातून व रस्त्यावरून घरी येणाऱ्या वस्तूंसाठी केलेली कायमची सोय होय. चिखलाची पायताणे, ओली घोंगडी, कासरे, विळे-खुरपी, बैलांचा साज आणि अलीकडच्या काळात हेल्मेट, दप्तरे, रेनकोट व फवारणीचा पंप या वस्तू माजघरात नेल्या जात नाहीत. त्यांची जागा उंबऱ्याजवळच असते. जुन्या माळवदी घरांत ही सोय भिंतीच्या जाडीतच कोरलेली असे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जाड मातीच्या भिंतींवरचा विश्वास उडाला, भिंती पातळ झाल्या आणि त्यांच्या पोटात असलेली साठवणही नाहीशी झाली. आज तीच सोय कडप्प्याचे कप्पे, लाकडी वा पत्र्याचे कपाट अशा रूपाने नव्याने बांधून, रंगवून घ्यावी लागते.

पुढील वर्णन मुख्यतः बीड तालुक्यातील नेकनूर व त्याच्या आसपासच्या बालाघाट पठारावरील घरबांधणीला अनुसरून आहे. थोड्याफार फरकाने ते बीड, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांतील जुन्या घरांनाही लागू पडते.

संज्ञा

'ढाळज' या शब्दाचे 'ढेलज' असे दुसरे रूपही प्रचलित आहे. फारसीतील 'दहलीज', म्हणजे दरवाजा आणि घर यांच्या मधली जागा, या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे बांधकामाच्या बोलीत फारसी-उर्दू वळणाचे शब्द मिसळलेले आढळतात. मोठ्या वाड्यांत दरवाजाच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांसाठी असलेल्या जागेस 'देवडी' म्हणतात. काही ठिकाणी देवडी आणि ढाळज हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु शेतकऱ्याच्या साध्या घरालाही ढाळज असते, देवडी नसते.

घरात शिरताना चिखल अडविणारी खोली ही कल्पना जगात इतरत्रही आहे. उत्तर अमेरिकेत तिला 'मड रूम' म्हणतात. जपानी घरातील 'गेनकान' हा खालच्या पातळीचा प्रवेशभाग असून तेथे पादत्राणांचे कपाट असते. ढाळजेचे काम याहून मोठे होते. पाहुण्याला बसवायचे ते ढाळजेत, व्यवहाराची बोलणी व्हायची ती ढाळजेत, आणि घरातील म्हाताऱ्या माणसाची बाजही बहुधा तेथेच असे.

गरज

नेकनूर हे मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बाजारगाव आहे. पाऊस बेताचा, वर्षाला सुमारे साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर. तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पठारावर मुरमाड हलकी जमीन आणि सखल भागात काळी माती असा फरक आहे. काळ्या मातीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती पायताणाला थरावर थर चिकटते आणि चार पावलांत वहाण उचलवेनाशी होते. वाळल्यावर तीच माती दगडासारखी होऊन वहाणेचे चामडे ओढते. सारवलेल्या भुईवर हा चिखल आला, तर सारवण उखडते व पुन्हा सारवावे लागते. हे काम घरातील बाईकडे असे, त्यामुळे चिखल कोठे अडवायचा हा तिच्या रोजच्या श्रमांचा प्रश्न होता. घर बांधताना कोनाडे-खुंट्यांचा निर्णय मात्र बहुधा पुरुष आणि गवंडी यांच्यात होत असे.

ढाळजेची रचना या गरजेशी जुळणारी आहे. मोठ्या दरवाजातून आत आल्यावर मधोमध खालच्या पातळीची वाट असते आणि तिच्या एका वा दोन्ही बाजूंना हात-दीड हात उंचीचे कट्टे असतात. चिखल वाटेवरच राहतो. माणूस कट्ट्यावर टेकून पायताण काढतो, पाय धुतो आणि मग चौकात वा ओसरीवर जातो. गोठा घराच्या आत असलेल्या वाड्यांत बैलही याच वाटेने ये-जा करीत. म्हणून दरवाजा रुंद ठेवलेला असे आणि बैलांचा साज काढून ठेवण्याच्या खुंट्याही येथेच असत.

भिंतीतील साठवण

माळवदी घराच्या भिंती दगड व मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या असतात. त्यांची जाडी दोन-अडीच फूट तरी असते, वाड्यांत त्याहूनही बरीच अधिक. वर लाकडी तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या-पाला आणि त्यावर फूट-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर, म्हणजे माळवद. चांगल्या बांधणीच्या घरात माळवदाचे ओझे लाकडी खांब पेलतात. दोन खांबांमधील अंतरास 'खण' म्हणतात आणि घराचा आकारही खणांतच सांगितला जातो. अशा घरात भिंत ही मुख्यतः आडोसा असते. तिच्यावर छत टेकलेले नसल्यामुळे तिच्यात हवी तेवढी पोकळी ठेवता येते, हेच कोनाड्या-फडताळांच्या मुबलकतेचे कारण आहे. गरीब घरांत मात्र लाकूड परवडत नसल्याने कड्या थेट भिंतीवर टेकविल्या जात. कोनाडे त्या भिंतींतही ठेवले जातच. हा फरक एरवी लक्षात येत नसे. पुढे १९९३ मध्ये तो जीवावर बेतला.

कोनाडा म्हणजे भिंतीत ठेवलेली उघडी चौकोनी वा कमानदार पोकळी. लहान कोनाड्याला दिवळी म्हणतात. तिच्यात पणती किंवा चिमणी ठेवली जाई आणि वरच्या अंगाला काजळीची कायमची जीभ उमटलेली असे. ढाळजेतील कोनाड्यांना उंचीप्रमाणे आपोआप काम वाटून दिलेले असे: कट्ट्याखालच्या कोनाड्यात पायताणे, हाताच्या उंचीवर तंबाखूची चंची, अडकित्ता, चावी, आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर विळा, वस्तरा, जनावरांची औषधे. कोनाड्याला लाकडी चौकट व दोन झडपा बसविल्या की त्याचे फडताळ होते. फडताळाला आत एक-दोन फळ्या आणि बाहेर कडी-कोयंडा असतो. वह्या, पावत्या, पंचांग, दिव्याचे तेल अशा वस्तू त्यात राहतात.

खुंटी हा यातला सर्वांत साधा भाग, पण तीच बसविणे सर्वांत जोखमीचे. दगड-मातीच्या भिंतीत नंतर ठोकलेली मेख फार काळ टिकत नाही. भोवतालची माती सुटते आणि ओल्या घोंगडीच्या वजनाने ती निघून येते. त्यामुळे खुंट्या भिंत चढवितानाच दगडांच्या सांध्यात दाबून घ्याव्या लागतात. चांगली खुंटी बाहेर दिसते त्याहून अधिक भिंतीत गेलेली असते आणि तिचे टोक किंचित वर उचललेले असते, म्हणजे कासरा घसरत नाही. साध्या घरात ती बाभळीची, वाड्यात कातून घडविलेली सागवानी. किती खुंट्या, कोठे आणि किती उंचीवर, हे घर उभे राहण्यापूर्वीच ठरवावे लागे. त्या दृष्टीने ही साठवण पूर्णतः त्या-त्या कुटुंबाच्या मापाची असे. बैलजोड्या किती, सालगडी किती, घोडे आहे की नाही, याचा हिशेब ओस पडलेल्या ढाळजेतील खुंट्यांवरून आजही करता येतो.

भिंतीच्या जाडीचा आणखी एक उपयोग दरवाजामागे दिसतो. दार आतून बंद करण्याची लांब लाकडी आगळ एका बाजूच्या भिंतीत खोल ठेवलेल्या भोकात पूर्णपणे सरकून जाते. दिवसा ती भिंतीत असते, रात्री ओढून दुसऱ्या बाजूच्या खाचेत अडकविली जाते. धान्यासाठी दोन भिंतींच्या मध्ये बांधून काढलेले बळद आणि जमिनीतील पेव हेही याच विचारातून आलेले प्रकार आहेत, परंतु त्यांचा विषय स्वतंत्र आहे.

लाकूड व जुने रंगकाम

चौकटी, झडपा व खुंट्या गावचा सुतार करीत असे. बलुतेदारी पद्धतीत शेतीच्या अवजारांची दुरुस्ती बलुत्यात मोडे. त्र्यं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर विवेचन आहे. बाभूळ आणि कडुनिंब ही परिसरात मिळणारी मुख्य लाकडे. साग बाहेरून आणावा लागे व तो वाड्यांपुरताच राहिला. बाभळीच्या आतले तांबूस लाकूड कठीण असते, पण बाहेरच्या फिकट भागाला कीड लागून भुसा पडतो. त्यासाठी तोडलेले ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. पाण्याने लाकडातील किडीला पोसणारा अंश कमी होतो.

जुन्या ढाळजेतील रंग तीन-चारच होते: चुन्याचा पांढरा, त्यात निळीची झाक, तळाशी गेरूचा किंवा कावेचा तांबडा पट्टा आणि भुईचा शेणाचा हिरवट करडा. गेरूचा पट्टा ही केवळ शोभा नव्हे. पायाने व पाण्याने उडणारे चिखलाचे शिंतोडे भिंतीच्या खालच्या हातभर भागावरच पडतात, आणि तांबड्या पट्ट्यावर ते दिसत नाहीत. हे रंगकाम नवरात्रापूर्वीच्या मोठ्या साफसफाईत, म्हणजे 'दसरा काढण्या'च्या वेळी होई. कोनाडे रिकामे करून, झाडून, त्यांना आतून चुना दिला जाई. चुना अल्कधर्मी असल्याने बुरशी व बारीक किडे काही काळ दूर राहतात.

चुन्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. चुनकळी पाण्यात विरवली की ती उकळते व तिचा निवळ चुना होतो. भिंतीवर लावलेला हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच्या रूपात येतो आणि घट्ट बसतो. त्याच्या थरातून वाफ आरपार जाऊ शकते. मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढतच असते. ती चुन्यातून बाहेर पडून उडून जाते. अशा भिंतीवर ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा दिला, तर ओल आत कोंडते, क्षार साचून लोणा फुटतो आणि वर्ष-दोन वर्षांत रंगाचे पापुद्रे मातीसकट सुटू लागतात. जुन्या ढाळजा 'पक्क्या' करण्याच्या हौसेत झालेले नुकसान बहुतेक याच प्रकारचे आहे.

लाकडाला रंग देण्याची चाल उशिरा आली. त्याआधी जवसाचे तेल चोळले जाई. हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पातळ, चिवट पापुद्र्यासारखे वाळते. करडईचे तेलही काही प्रमाणात असेच वाळते. मराठवाड्यात दोन्ही पिके होत असल्याने ती सहज उपलब्ध होती. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती स्वतःहून पेट घेऊ शकते. म्हणून अशा चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. खांबाच्या बुडाला डांबर आणि खुंट्यांना इंजिनाचे काळे तेल लावण्याची रीत पुढे पडली. डांबर वाळवीला काही काळ थोपविते. काळे तेल मात्र खुंटीवर टांगलेल्या प्रत्येक कपड्याला लागत राहते.

किल्लारीनंतर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट होती व बहुतेक लोक घरात झोपले होते. मृत्यूंचे मुख्य कारण घरांची बांधणी हे होते. दगड-मातीची जाड भिंत वस्तुतः दोन पदरांची असते. आतला आणि बाहेरचा दगडी पदर आणि मधली पोकळी मातीने, चिपांनी भरलेली. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले, तर हादऱ्याने ते फाकतात आणि भिंत ढासळते. कोनाडा वा फडताळ असते तेथे तर बऱ्याचदा आतला पदरच नसतो. उरते ती बाहेरची एकेरी बाजू. छत खांबांवर असलेल्या घरांत भिंती पडूनही माळवद काही ठिकाणी उभे राहिले. छत भिंतीवर टेकलेले होते तेथे मातीचा सारा भार झोपलेल्या माणसांवर आला.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानक आय.एस. १३८२८ मध्ये कमी ताकदीच्या बांधकामासाठी मार्गदर्शन आहे. त्यानुसार दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा, अधिक असू नये. आरपार दगड ठराविक अंतरावर घालावेत. दारे-खिडक्यांची भोके कोपऱ्यांपासून दूर ठेवावीत. जाडी म्हणजे मजबुती ही पिढ्यांची समजूत या एका नियमाने उलटी ठरविली.

भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. बीड जिल्ह्यात असे स्थलांतर झाले नाही, पण माळवदाखाली झोपण्याची भीती सर्वत्र पोहोचली. नवी घरे नऊ इंची किंवा सहा इंची विटांच्या भिंतींची आणि वर काँक्रीटच्या स्लॅबची बांधली जाऊ लागली. नऊ इंचांच्या भिंतीत कोनाडा ठेवणे म्हणजे मागे अर्धी वीट शिल्लक ठेवणे. सहा इंचांत तर तो शक्यच नाही. शिवाय भार पेलणाऱ्या भिंतीत अशी पोकळी नंतर फोडून काढणे धोक्याचे असते. घर सुरक्षित झाले आणि त्याच वेळी घरातील सामानाची जागा गेली. ढाळजेच्या ठिकाणी व्हरांडा, पोर्च किंवा स्लॅबवर जाणाऱ्या जिन्याखालचा कोपरा आला. घरकुलांत तर तेवढेही उरत नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, असून त्यातच स्वयंपाकाची जागा धरलेली आहे.

नव्या घरातील रचना

भिंतीत पोकळी नसल्यावर साठवण भिंतीपुढे उभारावी लागते, आणि तेथे तिला वाट, दार व दुचाकी यांच्याशी जागा वाटून घ्यावी लागते. त्यामुळे खोलीचे माप महत्त्वाचे ठरते. पायताणांना एक फूट खोली पुरते. हेल्मेट व दप्तर यांना चौदा-पंधरा इंच लागतात. त्याहून खोल कप्पा केला, तर मागच्या वस्तू पुढच्यांखाली गाडल्या जातात. बसून पायताण काढण्यासाठी सोळा ते अठरा इंच उंचीचा कट्टा सोयीचा. म्हणजे जुन्या कट्ट्याचेच माप. त्याच्या पोटात पायताणे, वर खुंट्या आणि खुंट्यांच्या वर बंद कपाट अशी उभी मांडणी केल्यास तीन-चार फूट रुंदीत एका कुटुंबाची सोय होते. मुलांसाठी खुंट्यांची वेगळी रांग तीन फुटांवर असावी. उंच खुंटीखाली दप्तर नेहमी जमिनीवरच सापडते.

ओले आणि कोरडे यांना वेगळी जागा देणे ही या रचनेतील मुख्य गोष्ट होय. भिजलेला रेनकोट व चिखलाचे बूट बंद कपाटात ठेवले, तर दोन दिवसांत बुरशी धरते. ते उघड्या खुंटीवर किंवा जाळीच्या कप्प्यात, हवा खेळेल अशा जागी ठेवावे लागतात; खाली पाणी निथळून जाण्यास उतार असावा. झडपा फक्त कोरड्या वस्तूंना. विकत मिळणाऱ्या तयार पायताण-कपाटांत हा भेद क्वचितच केलेला असतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात ती तळातून फुगतात.

साहित्याची निवड वाळवीवर अवलंबून आहे. तळाचा भाग विटांच्या बुटक्या भिंतींवर कडप्प्याच्या फरशा टाकून केल्यास त्याला ना ओल बाधते ना वाळवी. महाराष्ट्रात स्वयंपाकघरातील ओटे व मांडण्या याच पद्धतीने केल्या जातात, त्यामुळे हे काम गावातील गवंड्यास सहज जमते. लाकडी कपाट त्याच्यावर, जमिनीपासून फूटभर उंच आणि भिंतीपासून बोटभर सोडून बसवावे. ही फट वाया गेलेली जागा वाटते, पण वाळवी मातीची नळी बांधूनच चढते आणि फट असली की ती नळी डोळ्यांना दिसते. प्लायवूड वापरायचे असल्यास साधे एम.आर. प्रतीचे प्रवेशभागात टिकत नाही, आय.एस. ३०३ मधील बी.डब्ल्यू.आर. किंवा आय.एस. ७१० चे घ्यावे. पत्र्याचे कपाट वाळवीपासून मुक्त असले, तरी बुडाला गंजते. त्याला आधी रेड ऑक्साइड प्रायमर व खाली दगडाचा आधार लागतो.

या भागातील हवा लाकडाची परीक्षा पाहते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि लाकूड आकसते. ऑगस्टमध्ये तेच फुगते. उन्हाळ्यात घट्ट बसविलेली झडप पोळ्याच्या सुमारास उघडत नाही. जाणकार सुतार झडपेभोवती पातळ पट्टीएवढी फट सोडतो आणि रुंद फळी खिळ्यांनी जखडून न टाकता चौकटीच्या खाचेत सैल बसवितो, म्हणजे ती हवेप्रमाणे सरकू शकते.

रंगकाम

नव्या कपाटाला रंग देण्याची योग्य वेळ पावसाळा सरल्यावरची. श्रावण-भाद्रपदात लाकडात ओल असते. तिच्यावर रंग चढविला तर पुढे फोड येतात. उन्हाळ्यात रंग वरून झटपट सुकतो व आतून ओला राहतो, शिवाय वाऱ्याची धूळ त्यावर बसते. नवरात्रापासून थंडीपर्यंतचा काळ बरा, म्हणजे पुन्हा दसरा काढण्याचीच वेळ.

काम क्रमाने करावे लागते. लाकूड काचकागदाने तंतूंच्या दिशेने घासून, धूळ पुसून प्रायमरचा हात द्यायचा. खिळ्यांची भोके व चिरा लांबी भरून बुजवायच्या. सुकल्यावर पुन्हा घासून ऑइलपेंटचे दोन पातळ हात द्यायचे, दोन हातांमध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्यायचा. जाड एकच हात दिल्याने वेळ वाचत नाही, ओघळ तेवढे राहतात. कपाटाचा दर्शनी भाग रंगवून मागची बाजू, तळ आणि फळ्यांची कापलेली टोके कोरी ठेवणे ही नेहमीची चूक आहे. लाकूड पाणी पिते ते टोकांतूनच, आणि ती टोकेच बहुधा चिखलाच्या बाजूला असतात. रंगाच्या निवडीत जुन्या गेरूच्या पट्ट्याचा धडा उपयोगी पडतो: खालचा हात-दीड हात भाग तांबडा किंवा मातकट ठेवावा, वर हवा तो उजळ रंग द्यावा.

जुन्या चौकटी व फडताळांच्या झडपा पुन्हा वापरताना अधिक सावधगिरी हवी. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पी.पी.एम.च्या आत ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये करण्यात आला व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी व तांबड्या छटांत, शिसे असण्याची शक्यता मोठी असते. असे थर कोरडे खरवडल्यास शिशाची धूळ हवेत जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती अपाय करते आणि त्यासाठी अगदी थोडी मात्राही पुरते. पृष्ठभाग ओला करून घासणे, खाली कागद पसरून खरवड गोळा करणे आणि काम संपेपर्यंत मुलांना त्या जागेपासून दूर ठेवणे आवश्यक असते. रंग घट्ट बसलेला असेल, तर तो न काढता त्यावरच नवा हात देणे अधिक सुरक्षित.

बंद घर

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' असेच म्हणतात. या पाच-सहा महिन्यांत घर एक तर पूर्ण बंद असते किंवा ढाळजेत बाज टाकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांवर सोपविलेले असते. म्हणून येथील साठवणीची खरी कसोटी ती रिकाम्या घरात कशी टिकते ही आहे. उचल संपून गेलेली असताना परत आल्यावर वाळवीने खाल्लेल्या वह्या, रेशनकार्ड, उंदरांनी कुरतडलेली गोधडी हे नुकसान छोटे राहत नाही.

जाण्यापूर्वी उघड्या कप्प्यांतील कापड, चामडे व कागद काढून वरच्या बंद कपाटात ठेवणे, त्यात वाळलेला निंबाचा पाला घालणे, पायताणांचा कप्पा पूर्ण रिकामा करणे आणि तळाशी चुना भुरभुरणे, अशी तयारी केली जाते. निंबाचा पाला किडींना काही प्रमाणात दूर ठेवतो. वाळवीवर तो फारसा चालत नाही. तिच्यासाठी कडप्प्याचा तळ आणि भिंतीपासून सोडलेली फट हाच भरवशाचा उपाय. शेजाऱ्याने महिन्यातून एकदा डोकावले तरी मातीची नळी वेळेत मोडता येते. महत्त्वाच्या कागदांसाठी पत्र्याची पेटी कपाटापेक्षा चांगली, आणि ती बहुतेक घरांत लग्नात आलेली असतेच.

फवारणीची औषधे

ढाळजेतील साठवणीचा सर्वांत धोकादायक भाग जुन्या रचनेत नव्हताच. कापूस, सोयाबीन व भाजीपाल्यावरील कीटकनाशकांच्या बाटल्या आता अनेक घरांत प्रवेशाजवळच्या कप्प्यात, पायताणे व दप्तरांच्या शेजारी दिसतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती दुर्घटना शेतातील होती, पण औषधांच्या हाताळणीकडे लक्ष वेधले गेले ते तिच्यामुळेच. घरातील धोका अधिक साधा आहे: उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवले जाते आणि लहान मूल ते पिते.

अशी औषधे राहत्या घराच्या ढाळजेत नसावीत. शेतातील खोपी किंवा गोठ्याबाहेरची कुलूपबंद पेटी ही त्यांची जागा. दुसरी जागाच नसेल, तेव्हा जिन्याखाली बाहेरच्या बाजूने उघडणारे, घराशी हवा न जोडलेले पत्र्याचे वेगळे कपाट करतात. त्याला कडप्प्याचा तळ आणि पुढे दोन इंचांची उंच कड ठेवतात, म्हणजे बाटली फुटली तरी औषध वाटेवर येत नाही. झडपेला वर जाळी, बाहेर कुलूप, आणि चावी घरातील खुंटीवर न ठेवता एकाच मोठ्या माणसाजवळ. औषध मूळ बाटलीतच, लेबलासह ठेवायचे. फवारणीचा पंप शेतातच तीनदा धुऊन आणावा. तो या कपाटात ठेवतात, आणि फवारणीच्या वेळचे कपडे ढाळजेतील खुंटीवर न टांगता वेगळे धुतले जातात.